न सरकणारी रजई

बाबांच्या अंगावरची रजई नेहमी डावीकडे पडायची. लकव्यात त्यांची डावी बाजू गेली होती, हात आणि पाय दोन्ही. उजवा पाय मात्र झोपेतही हलत राहायचा, रजईला ढकलत राहायचा, आणि डावीकडे तिला अडवायला काहीच नव्हतं. उजवीकडे पडली असती तर हात लांब करून त्यांनी ती उचलून घेतली असती. डावीकडे पडलेली रजई म्हणजे दुसऱ्या गावाला गेलेली रजई. तखताची, म्हणजे त्यांच्या लाकडी पलंगाची, डोक्याकडची बाजू तेवढी भिंतीला लागलेली होती, बाकी तिन्ही बाजू मोकळ्या, कारण आईला दोन्हीकडून हात घालून त्यांना बसवावं लागायचं. तखताला ना कठडा, ना पायाकडे फळी. गादीवर प्लास्टिक, प्लास्टिकवर चादर, त्यामुळे चादरसुद्धा जागेवर राहत नसे. सकाळी आई दिवा लावायची तेव्हा बाबा उजवा गुडघा पोटाशी ओढून पडलेले असायचे, डोळे उघडे. "हाक काहून नाही मारली जी?" आई विचारायची. "मले नाही लागत थंडी," बाबा म्हणायचे, आणि त्यांचे दात वाजत असायचे.

हे मी मराठीत लिहिते आहे, पण माझं सगळं शिक्षण हिंदीत झालं. मराठी अक्षरं आईने शिकवली, दुपारी भांडी झाली की, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर. आता मी नवा रायपुरात एका संस्थेत शिकते आणि तिथल्या हॉस्टेलवर राहते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली, त्यामुळे काही लिहायला बसलं की अजूनही वाटतं, कोणीतरी मागे उभं राहून चुका शोधतं आहे. पण या एका हिवाळ्याबद्दल लिहायचं ठरवलं आहे, आणि ठरवताना मनात जे होतं ते दुःख नव्हतं. राग होता. तो इतक्या दिवसांत कमी व्हायला हवा होता. झालेला नाही.

रजयांची आमच्याकडे कमी नव्हती. बाबांनी सगळं आयुष्य बिछायतीत काढलं. लग्नाकार्याला मंडप, गाद्या, रजया, सतरंज्या भाड्याने देण्याच्या धंद्याला रायपुरात सगळे टेंट हाउस म्हणतात, पण बाबा भंडाऱ्याहून आले ते बिछायत हा शब्द घेऊन आले आणि तो त्यांनी सोडला नाही. ज्या रजया फाटायच्या, ज्यांचा कापूस गोळा होऊन एका कोपऱ्यात बसायचा, त्या शेठ घरी न्यायला सांगायचा. लाल कापड, कोपऱ्यात पांढऱ्या रंगाने आकडा. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच घरी रजयांवर आकडे असतात. बाबांच्या मागे माझा मोठा भाऊ नितेश त्याच धंद्यात लागला. तो टेम्पो चालवायचा, मंडप उभारायचा, आणि बाबांनी शिकवलेलं सगळं त्याच्या हातात होतं: बल्लीवर, म्हणजे मंडपाच्या लाकडी खांबावर, चढणं, दोरीची गाठ एका झटक्यात सुटेल अशी मारणं, आणि दाभणाने सुतळीचा टाका घालणं. मंडपाचं कापड वाऱ्याने उडू नये म्हणून ते दाभणाने शिवतात. दाभण म्हणजे बोटाएवढी लांब, जाड, टोकाला वाकलेली सुई. हा टाका हाताने उसवत नाही, कापावा लागतो.

बाबांची काठीही दादानेच केली होती. मंडपाच्या पाइपाचा तुकडा, खाली रबराचा बूच, वर धरायला सायकलची मूठ. ती फरशीवर टेकली की टक् असा बोथट आवाज व्हायचा आणि मागून त्यांचा डावा पाय घासत यायचा. टक्, मग घासण्याचा लांब आवाज, पुन्हा टक्. लकव्यानंतरच्या पावसाळाभर हाच आमच्या घराचा आवाज होता. बाबा भिंत धरून चालायला शिकले, मग काठीने, मग एके दिवशी कोणाला न सांगता तखतावरून उजव्या बाजूने उतरले, अंगण ओलांडलं, न्हाणीत गेले आणि आतून कडी लावली. आई बाहेर उभी राहून म्हणाली, "कडी काहून लावली जी? पडलात तर?" आतून बाबा म्हणाले, "बाथरूमले कडी नाही लावत त काय मंडपाले लावत?" त्या दिवशी आईने गोळाभात केला, वर लसणाची कडकडीत फोडणी, आणि बाबांच्या ताटात तेल जरा जास्तच ओतलं. डॉक्टरांनी तेल बंद केलं होतं. त्या एका कडीसाठी त्यांनी काय केलं होतं ते आम्ही पाहिलं होतं. बाबांकडे त्या वर्षी स्वतःचं असं एवढंच होतं: हाक न मारता उठायचं आणि स्वतः जायचं.

मग थंडी आली, आणि त्यांच्या छातीत कफ भरला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईला सांगितलं, "इनको ठंड मत लगने दो, दुबारा हुआ तो भर्ती करना पड़ेगा." बाबा तिथेच बाकावर बसलेले होते. त्यांच्याकडे पाहून कोणी काही सांगितलं नाही. आजारी माणसासमोर लोक असं बोलतात जसं तो खोलीतलं कपाट आहे, आणि याची मला तेव्हापासून चीड आहे. "यांना जेवण जातं का?" "यांना कळतं का सगळं?" येणारेजाणारे आईला विचारायचे, आणि बाबा त्यांच्याकडे बघत बसलेले असायचे, एक ओठ थोडा खाली ओढलेला, सगळं कळत असलेले.

त्या दिवसापासून घरात एकच विषय झाला, न सरकणारी रजई. दादाने पंडरीच्या कापडबाजारातून एक कंफर्टर आणला. मेंदीच्या रंगाचा, चकचकीत, इतका मोठा की दोन्हीकडून जमिनीला टेकत होता. "किंग साइज आहे," तो म्हणाला, "दुकानवाला बोला, एक बार ओढ़ा दो, फिर हिलता नहीं." बाबा म्हणाले, "मंग राजाच्या घरी धाड." रात्री तो कंफर्टर स्वतःच्याच वजनाने सर्र करून डावीकडे गेला आणि जाताना चादरही घेऊन गेला. मग तो गादीखाली खोचून पाहिला. मग सेफ्टी पिना लावल्या, त्या वाकल्या. मग दादाने बिछायतीतून पडद्यांचे चिमटे आणले, ते कापड सोडून उडाले आणि एक आईच्या पायाला लागला. शेजारच्या साहू काकी रोज सकाळी चौकशीला यायच्या, त्या म्हणाल्या, "लुगरा में बाँध दे." म्हणजे लुगड्याने बांधून टाक. दादा म्हणाला, "दोन्हीकडे एक एक वीट ठेवू का?" सगळे हसले. बाबाही हसले, पण थोडे उशिरा.

मी एकदा म्हटलं, "बाबांना विचारायचं का, त्यांना कशी पाहिजे?" मी हे हळू म्हटलं असेल. घरात मी हळूच बोलायचे. दादा म्हणाला, "लो, कॉलेजवाली बोली. विचारून काय होते? ते म्हणतीन मले थंडीच नाही लागत."

त्याच आठवड्यात बाबा न्हाणीत घसरले. फार लागलं नाही, कोपर खरचटलं. कडी आतून होती म्हणून दादाला दार हलवून हलवून ती पाडावी लागली. मी दादाला इतकं पांढरं पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्याने बाबांना उचलून आणलं, तखतावर बसवलं, आणि मग ओरडला. "आवाज देता येत नाही? इतने लोग हैं घर में." बाबा कोपरावरची माती झटकत होते. म्हणाले, "कडी पुन्हा बसवून दे." दादाने ती बसवली नाही.

रविवारी दुपारी बाबा अंगणात खुर्चीवर उन्हात बसले होते. मी आत भाजी निवडत होते. लाखोरीची कोवळी पानं, साहू काकींनी दिलेली. त्या तिला तिवरा म्हणतात, आई लाखोरी म्हणते, आणि दोघी दर वर्षी यावरून वाद घालतात. मधल्या खोलीत दादा आणि आई तखताजवळ काहीतरी करत होते. मला सुतळी कापडातून ओढल्याचा आवाज आला, तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. मला वाटलं, गादी फाटली असेल, शिवत असतील. संध्याकाळी बाबांना गोळी दिल्यावर आई आणि दादाने त्यांना दोन्हीकडून धरून झोपवलं. त्या गोळीने ते लगेच गुंगत असत. सकाळी आई अंधारातच निघाली. ती मुलींच्या एका मेसमध्ये पोळ्या करायची. दादा अभनपूरला लग्नाचा मंडप घेऊन गेला. माझं प्रॅक्टिकल होतं. निघताना मी दारातून डोकावले, बाबा झोपलेले होते, कंफर्टर गळ्यापर्यंत, कुठे एक सुरकुती नाही. किती दिवसांनी मी त्यांना असं झाकलेलं पाहिलं. मला बरं वाटलं, आणि मी दार ओढून गेले.

परत आले तेव्हा दुपार होत आली होती. साहू काकी त्यांच्या ओट्यावर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आज तोर ददा घाम तापे बर नइ निकलिस." म्हणजे तुझे बाबा आज उन्हात बसायला निघाले नाहीत. मी म्हटलं, "हव, झोपले असतील." पण चालण्याचा वेग माझा वाढला होता.

ते झोपलेले नव्हते. कंफर्टर गादीला शिवला होता. डावीकडून गळ्यापर्यंत, पायाकडून पूर्ण, आणि उजवीकडून कमरेच्याही वरपर्यंत, पाकीट शिवतात तसा. वरून डोकं, खांदा आणि उजवा हात तेवढा बाहेर. बाबांनी उजव्या हाताने ओढून ओढून कापड फाडलं होतं आणि आतला पांढरा भुसभुशीत फायबर सगळ्या तखतावर पसरला होता. उजवीकडचे वरचे टाके त्यांनी दातांनी तोडायचा प्रयत्न केला होता. एक टाका तुटला होता. ओठांना सुतळीचे तंतू चिकटलेले होते आणि खालचा ओठ फुटून रक्त वाळलं होतं. काठी भिंतीला टेकून उभी होती, हात पोचणार नाही इतक्या अंतरावर, कोणीतरी नीट ठेवलेली. अंथरूण ओलं होतं. त्यांनी हाक मारली नव्हती. साहू काकींची भिंत इतकी पातळ आहे की त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या आम्ही मोजतो, पण त्यांनी हाक मारली नव्हती.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. छताकडे बघत म्हणाले, "काप."

कैची सापडेना. मी भाजीची सुरी आणली. दाभणाचा टाका किती घट्ट असतो ते त्या दिवशी कळलं. सुरी बोथट होती, आणि मी इतकी चिडले होते की शेवटी टाका सोडून कापडच फाडत सुटले. कोणावर चिडले होते ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. बाबा म्हणाले, "हळू. गादी नको फाडू." पाय मोकळे झाल्यावर त्यांनी काठी मागितली, आणि ओल्या कपड्यांनी, स्वतः, अंगण ओलांडून न्हाणीत गेले. मी बादलीत गरम पाणी नेऊन दाराबाहेर ठेवलं. दाराला कडी नव्हती. मी दाराकडे पाठ करून उभी राहिले आणि कोणी येऊ नये म्हणून तिथेच थांबले.

दादा संध्याकाळी आला. टेम्पो मागे घेण्याचा आवाज, मग बुटांचा. आई मेसमधून येऊन चहा करत होती, तिने तोपर्यंत सगळं पाहिलं होतं. मी फाटलेला कंफर्टर दारातच टाकून ठेवला होता, त्याला तो ओलांडूनच आत यावं लागावं म्हणून.

"हे तू केलं?" मी म्हटलं.

"हव. मग? रजई सरकत होती. आता सरकली का?"

"सरकते डावीकडे. उजवीकडून काहून शिवली?"

तो बूट काढत राहिला. मी पुन्हा विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "रजई डावीकडे पडते, दादा. उजवीकडून काहून शिवली?"

"क्योंकि वहीं से उतरते हैं," तो म्हणाला.

स्टोव्हवर चहा वर आला आणि आईने तो खाली घेतला.

"आई पहाटे जाते," दादा म्हणाला, आता मोठ्याने. "मी अभनपूरले, तू कॉलेजले. ते बाथरूममधी पडून डोकं फुटलं असतं त कोन पाह्यलं असतं? तू? तुझं त प्रॅक्टिकल होतं ना. दोपहर तक पड़े रहे तो क्या हुआ, जिंदा तो हैं. थंडी बी नाही लागली."

"जनावराले बांधते तसं बांधलं तू त्यांना."

"ज्यादा मत बोल. दोन बुकं काय वाचली. रात को उठके कौन देखता है उनको, तू?"

आणि तेवढ्यात आई म्हणाली, "गादी मीच धरली होती." ती आमच्याकडे पाहत नव्हती, कपात चहा गाळत होती. "तो शिवत होता, मी ताणून धरली. उजवीकडून शिवली तवा मी विचारलं त्याले. मंग मले बी वाटलं, बरं आहे. मेसमधी पोळी लाटता लाटता माहा जीव इथी राह्यते. मले वाटलं, एक दिवस त राह्यतीन जागेवर."

बाबा खरंच पडले असते. आई खरंच थकली होती. दादाचे डोळे खरंच रात्रभर जागून लाल झालेले होते. हे सगळं खरं असूनही माझा राग तसाच होता, आणि त्याला जायला कुठे जागा नव्हती.

मग मधल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. लकव्यानंतर ते सावकाश बोलायचे, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखे. "नितेश, टाके बरोबर नाही घातले बे तू. पोटापाशी ढिले सोडले. म्हणून हात तरी निघला." दादा तिथेच उभा राहिला, एक बूट पायात, एक हातात. बाबा म्हणाले, "मी शिकवले तसे घातले असते त तेवढा बी नसता निघला."

यानंतर ते दादाशी बोलले नाहीत. अंगावर काही घेऊनही दिलं नाही. स्वेटर, त्यावर जुना कोट, डोक्याला मफलर, असे उशीला टेकून अर्धवट बसून झोपायचे. आई रजई घेऊन गेली की उजवा हात वर करायचे, बस. खोकला वाढत होता. दादा रोज एकदा दारापर्यंत यायचा आणि परत जायचा. आणि एके दिवशी मी कॉलेजातून आले तर बाबा कोट घालून, केस विंचरून, काठी घेऊन ओट्यावर बसलेले. म्हणाले, "पंडरीले चाल. माही रजई मी आणतो."

ई-रिक्षातून आम्ही गेलो. पंडरीतली दुकानं तुम्ही पाहिली असतील तर माहीत असेल, आत सगळीकडे पांढरी गादी पसरलेली असते, दुकानदार त्यावर बसतात, ग्राहकही बसतात, आणि कापडाची थानंच्या थानं त्यावर उलगडली जातात. गळ्यात टेप घातलेल्या सेल्समनने बाबांच्या डोक्यावरून मला विचारलं, "किसके लिए चाहिए, बेटा?"

"इनसे पूछिए," मी म्हटलं.

तो बाबांकडे वळला आणि ते बहिरे असल्यासारखा ओरडला, "कैसा दिखाऊँ, चाचा?"

"गिरनेवाला," बाबा म्हणाले.

तो माझ्याकडे पाहून हसला. "बुजुर्गों के लिए है ना हमारे पास. पीछे रबर के दाने लगे हैं, पकड़ के रखता है. रात भर हिलेगा नहीं."

"नहीं हिलेगा तो मैं कैसे निकलूँगा?" बाबा म्हणाले. मग मराठीत, मला, "चप्पल काढ माही." मी चप्पल काढली. त्यांनी काठी माझ्या हातात दिली, उजव्या हाताने गादीचा काठ धरला, आणि दुकानाच्या त्या पांढऱ्या गादीवर आडवे झाले. पाठीवर, अगदी तखतावर झोपायचे तसे. पलीकडे साड्या पाहत बसलेल्या दोन बायका सरकून बसल्या. "टाक एक एक अंगावर," बाबा म्हणाले.

गल्ल्यावरून मालक म्हणाला, "अरे बेटा, उठाओ इनको. ये सोने की जगह नहीं है, ग्राहक बैठते हैं यहाँ."

मी आयुष्यात कधी दुकानात मोठ्याने बोलले नव्हते. भाव करायलाही मला लाज वाटायची. पण त्या दिवसांत माझ्यात जे साठलं होतं ते सगळं त्या बिचाऱ्या मालकाच्या अंगावर गेलं. मी म्हटलं, हे पण ग्राहकच आहेत. म्हटलं, साडी अंगावर लावून बघतात तेव्हा तुम्ही आरसा धरता, रजई कशी बघायची? उभं राहून? म्हटलं, यांनी आयुष्यभर लोकांसाठी अशा गाद्या घातल्या, तुमच्या घरच्या लग्नातसुद्धा घातली असेल, आणि आता एकदा झोपले तर… "प्रणाली," खालून बाबा म्हणाले, "भाषण नंतर दे. हे टोक पकड."

सेल्समनने मालकाकडे पाहिलं, मालकाने हात झटकला, आणि तो एकेक कंफर्टर टाकू लागला. बाबांची रीत एकच होती. आधी उजव्या पायाने लाथ मारून अंगावरून उडवायचा. मग उजव्या हाताने, न उठता, डावीकडून तो परत ओढून घ्यायचा. रबराच्या दाण्यांचा उडाला नाही. सॅटिनचा उडाला, पण ओढताना बोटांतून निसटला. कापसाची रजई हाताला धरवली, पण अर्ध्यातून पुढे येईना, आणि ती ओढता ओढता बाबांना खोकल्याची ढास लागली. मोठे सगळे एकाच कारणाने बाद झाले. डावीकडे पडले की त्यांचं सगळं वजन तिकडे जायचं. खोकला थांबेपर्यंत सगळं दुकान थांबलं. मला वाटलं आता ते म्हणतील, चाल. ते म्हणाले, "आनखीन दाखवा."

शेवटी सेल्समनच कंटाळून म्हणाला, "चाचा, इससे छोटा तो बच्चों का ही आता है." बाबा म्हणाले, दाखव. तो आला. निळा, सुती, हाताला थोडा खरबरीत, आणि सगळीकडे पिवळी बदकं. बाबांनी लाथ मारली, उडाला. हात टाकला, बोटांत धरला, एका ओढीत छातीपर्यंत. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा केलं. मग तसेच पडून राहिले, दम खात, बदकं छातीवर.

"बदकं आहेत, बाबा," मी म्हटलं.

"दिसून राह्यली मले," ते म्हणाले. "बांध म्हणा."

हॉस्टेलवर माझ्या खोलीतली मुलगी कधी कधी फोनवर अशा जाहिराती बघत असते. रात्रभर जागेवर राहणारा कंफर्टर, एक बाई झोपलेली, तिचे केससुद्धा विस्कटलेले नाहीत. ती मला विचारते, कसा आहे, घेऊ का? मी चांगला आहे म्हणते. तिला काय सांगणार? मग मी पाणी प्यायला उठते.

दादाने संध्याकाळी तो पाहिला. म्हणाला, "ये तो बच्चों का है. पाय बाहेर राह्यतीन." बाबा त्याच्याकडे न पाहता म्हणाले, "मोजे घालीन." त्या दिवसानंतरचं त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर न्हाणीच्या दाराला नवी कडी होती. कोणी बसवली ते कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला त्याच्याशी चांगलं बोलावं लागलं असतं.

तो कंफर्टर सरकायचा. रोज पडायचा, आणि बाबा तो रोज वर ओढायचे. कधी डावीकडे इतका लांब जायचा की हाती लागायचा नाही, आणि सकाळी ते गारठलेले असायचे. खोकला लांबला. मी हे लपवत नाही. दादा मला म्हणायचा, देख, तेरा बदक. आणि बाबा पडलेही, दादा म्हणाला होता तसेच.

रविवार होता म्हणून आम्ही सगळे घरी होतो. अंगणात नळाजवळ, ऊन नुकतं आलेलं, आधी काठी वाजली, मग दुसरा आवाज आला, मऊ आणि जड. मी आणि दादा एकाच वेळी दारात पोचलो. बाबा एका कुशीवर पडले होते, गाल ओल्या फरशीला, मोजे भिजलेले. दादा पुढे झाला. बाबांनी डोकं न उचलता उजवा हात वर केला. बस.

"बाबा, हात द्या," दादा म्हणाला.

"थांब तू तिथंच."

मी दादाच्या स्वेटरची बाही धरली. तो हिसका देऊन सुटू शकला असता, त्याच्या एका हाताने मी उचलली जाईन. आई स्टोव्हपाशी उभी राहिली होती, पिठाचे हात तसेच. बाबांनी आधी नळाचा पाइप शोधला. तो धरून उजव्या कुशीवर वळले. मग बराच वेळ काहीच झालं नाही, फक्त त्यांचा श्वास आणि नळाचं ठिबकणं. दादाचं सगळं अंग पुढे झुकलं होतं आणि तो तोंडातल्या तोंडात म्हणत होता, "अरे यार, अरे यार." मी बाही आणखी घट्ट धरली. त्याच्यावर दया नव्हती आली मला. वाटत होतं, बघ. बघ तू, हलू नको. बाबा गुडघ्यावर आले, पडले, पुन्हा आले. पाइप हलून भिंतीतून चुना गळला. मग काठी सापडली, मग ते उभे राहिले, वाकडे, पाठमोरे, अर्धा पायजमा ओला, आणि आमच्याकडे न वळता न्हाणीत गेले. आतून कडी लागली.

मी बाही सोडली. ती ताणून सैल झाली होती, दादाच्या बोटांच्याही खाली लोंबत होती. त्याने ती कोपरापर्यंत वर सारली, नळ घट्ट बंद केला, आणि न्हाणीच्या दाराशी न जाता टेम्पोची चावी घ्यायला आत गेला.